पैसा देणारे आणि कसब देणारे

मावळातले सुदुंबरे हे तळेगाव आणि चाकण या दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मधले गाव. सुधा नदीच्या काठी इथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी मूळचे चाकणचे, धंद्याने तेली. घाण्याच्या व्यवहारापुरते लिहिणे आणि हिशेब ठेवणे त्यांना येत होते, आणि परंपरा सांगते की तेच लिहिणे त्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून घेण्याकडे लावले. शंभर वर्षांपूर्वी विनायक लक्ष्मण भावे तुकोबांच्या अस्सल गाथेच्या शोधात होते, तेव्हा जगनाडे घराण्यातल्या वह्याच त्यांना आधाराला मिळाल्या. संताजींचे नाव टिकले ते त्यांनी मोठी देणगी दिली म्हणून नव्हे. धंद्यामुळे जे कसब हाताला लागले होते ते त्यांनी समाजाच्या कामी आणले. उद्योगांची सामाजिक जबाबदारी म्हणून आज जी चर्चा चालते तिच्यात नेमकी हीच बाजू दुबळी आहे, आणि आपल्याकडच्या कायद्याने ती आणखी दुबळी केली आहे, असे माझे म्हणणे आहे.

कायदा असा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे जी कंपनी नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एक तरी मर्यादा गाठते, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च केले पाहिजेत. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झाले. असा खर्च कायद्याने बंधनकारक करणाऱ्या पहिल्या देशांत भारत गणला जातो, आणि त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. गेल्या काही वर्षांत देशभरात या खात्यावर दरवर्षी 25 हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च होतो आणि महाराष्ट्राचा वाटा त्यात सर्वांत मोठा असतो. पण हिशेब फक्त पैशाचा. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातले काम नियमांनी वगळले आहे, आणि वस्तू किंवा सेवेच्या रूपाने दिलेल्या मदतीची किंमत लावून ती खर्चात दाखवता येत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे वाहन कारखान्याने शाळेला बाके घेऊन दिली तर ती जमेस धरली जातात. त्याच कारखान्यातल्या अनुभवी टूलमेकरने गावातल्या दहा मुलांना वर्षभर लेथवर उभे केले तर त्याच्या तासांची नोंद शून्य.

मावळाला हा भेद नवा नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातले ब्राह्मी लेख वाचले तर दात्यांची रांगच दिसते. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे असे अभिमानाने कोरून घेतले. दाराशी मात्र दोन वेगळी नावे आहेत, दोघेही धेनुकाकटचे. एक सिंहदत्त गंधी, ज्याने दार दान दिले. दुसरा सामी सुतार, ज्याने दार घडवले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत पैसा देणाऱ्याच्या बरोबरीने कसब देणाऱ्यालाही जागा होती.

पुढचा दाखला तळेगाव दाभाड्यांचा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात सुरू झाला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काचविद्येचे प्रमुख होते. या कारखान्याचे मोल त्याने किती चिमण्या आणि बरण्या विकल्या यावर ठरवू नये. काच वितळवणे आणि फुंकणे शिकवणारी ती शाळा होती, आणि तिथून तयार झालेली माणसे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे उत्तरेत बहजोई इथे कारखाना काढला. एक पैसा देणाऱ्याला परतावा मिळाला नसेल, पण त्याच्या पैशाचे रूपांतर माणसांच्या हातातल्या कौशल्यात झाले. आजच्या भाषेत ज्याला सामाजिक नवोन्मेष म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी परिषदांची गरज पडली नव्हती.

स्वयंसेवी क्षेत्रातले महाराष्ट्राचे सर्वांत मोलाचे काम याच वाटेने गेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसमोर गडचिरोलीत प्रश्न असा होता की बाळाला न्यूमोनिया झाला आहे हे डॉक्टर नसलेल्या गावात ओळखायचे कसे. श्वासाची गती मोजली तर कळते, पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधे उपकरण तयार झाले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्या जोडीला मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आणि दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचा. पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे वजन घेणे, ऊब राखणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरजेला इंजेक्शन देणेही शिकवले गेले. 39 गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, आणि 2011 पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही घरपोच बालसेवा देशभर गेली. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की डॉक्टरांनी आपल्या विद्येचा काही भाग सुईणीच्या हातात ठेवला आणि ती तिचीच झाली. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने उलट्या बाजूने सुरुवात केली. कचरावेचकांना कचऱ्याची प्रतवारी आधीच येत होती. 1993 पासूनच्या संघटनेने त्यांच्या कामाला ओळख मिळवून दिली आणि 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला.

यावर आक्षेप येणार, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की पैशावाचून काहीच होत नाही. डायलिसिसचे यंत्र कौशल्याने विकत मिळत नाही. खरे आहे, सर्चचे कामही देणग्या आणि अनुदानांवरच उभे राहिले. पण तिथे पैसा कामाच्या मागे होता. आपल्याकडे आर्थिक वर्ष संपत आले की आधी रक्कम ठरते आणि मग ती कुठे टाकायची ते शोधले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कसबाचे तास मोजू लागलो तर कंपन्या आपल्याच विक्रेत्यांचे आणि कंत्राटी कामगारांचे प्रशिक्षण समाजसेवा म्हणून दाखवतील. नेहमीचा व्यवसाय वगळणारा नियम याच भीतीतून आला आणि ती भीती रास्त आहे. तरीही रोगापायी रोग्यालाच बाहेर काढू नये. शिकलेला माणूस त्याच कंपनीला बांधलेला नसावा, शिकवलेले दुसरीकडे उपयोगी पडावे, आणि तासांवर सही शिकणाऱ्यांची व ग्रामसभेची असावी, एवढ्या अटी घातल्या तर खोटेपणाला बराच आळा बसेल. तिसरा आक्षेप स्थानिक प्राधान्याचा: कारखाने इथे, म्हणून निधीही इथेच, आणि नंदुरबार कोरडे. या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, मात्र कसब पैशापेक्षा सहज प्रवास करते. गडचिरोलीत जे शिकवले गेले ते देशभर पोहोचलेच.

शिवाय कंपन्या कायम राहत नाहीत. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथले उत्पादन थांबले. चौदाशेच्या आसपास कामगारांची नोकरी गेली. पुढे तीच जागा ह्युंदाईने घेतली. कंपनी गेली की तिचे 2 टक्केही जातात. कामगाराच्या हातात जे उरते ते मात्र कुठल्याही ताळेबंदात नसते.

कसब असले की भागले असेही नाही, आणि सुदुंबऱ्यापासून जवळच याचा कडू पुरावा आहे. 15 जून 2025 रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक आहे हे ठाऊक होते, तशी पाटीही होती. म्हणजे पूल तपासण्याचे ज्ञान कमी पडले नव्हते. त्या ज्ञानासाठी जबाबदार धरता येईल असा माणूस नव्हता. लोखंडाचा थकवा ओळखणारे शेकडो अभियंते दोन्ही बाजूंच्या कारखान्यांत रोज कामाला येतात. माळीण आणि इर्शाळवाडीसारख्या दरडींच्या दुर्घटनांत ढिगाऱ्याखाली माणसे शोधणाऱ्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन खुद्द सुदुंबऱ्यातच आहे, आणि गावात अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. परिसरातल्या कंपनीने दरवर्षी पावसाळ्याआधी गावचा साकव, पाण्याची टाकी आणि शाळेचे छत तपासून, अभियंत्याच्या नावानिशी सही असलेला अहवाल ग्रामसभेत वाचावा, आणि त्या दिवसांची किंमत 2 टक्क्यांत धरली जावी. त्यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही. वस्तू आणि सेवा वगळणारे 2021 चे परिपत्रक मंत्रालयाला स्वतःच बदलता येते.