रद्द झालेला कागद

मोटारीच्या डॅशबोर्डचा कप्पा म्हणजे प्रत्येक घराचा एक छोटासा संसार असतो. लिमलेटच्या गोळ्या, गणपतीचा फोटो, पेट्रोलची जुनी बिलं, आणि सगळ्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला विम्याचा कागद. पोलिसानं हात केला की तो काढायचा, दाखवायचा आणि परत ठेवायचा. तो वाचायचाही असतो हे आपल्या गावी नसतं. आणि कप्प्यात पडल्या पडल्या तो कधीच निकामी झालेला असू शकतो, हे तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

बँकेत सारी उमेद घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कागद असणं वेगळं आणि कागद चालू असणं वेगळं. पण हे ज्ञान काउंटरच्या आतल्या बाजूला असताना जितकं कोरडं वाटतं, तितकं ते आपल्या घरात शिरल्यावर राहत नाही.

माझे थोरले बंधू साताऱ्याला असतात. वय सत्याहत्तर. हाताला कंप सुटल्यापासून त्यांची सही दरवेळी थोडी वेगळी उमटते. २०२२ साली त्यांनी गाडीच्या विम्याचं नूतनीकरण केलं, हप्त्याचा चेक दिला, पॉलिसी हातात पडली. दादांनी ती कप्प्यात ठेवली आणि विषय संपला. तिकडे बँकेनं तो चेक परत पाठवला. कारण, ‘सही जुळत नाही’. खात्यात पैसे भरपूर होते, नियतही साफ होती. फक्त वीस वर्षांपूर्वीची सही आणि आजचा हात यांचं जमत नव्हतं. कंपनीनं पॉलिसी रद्द केल्याचं पत्र रजिस्टर पोस्टानं धाडलं, पण ते गेलं दादांच्या जुन्या घराच्या पत्त्यावर. नवा पत्ता पॉलिसीवर छापलेला होता, तरीही.

चार महिन्यांनी पुतण्यानं बाजारात गाडी मागं घेताना एका सायकलवाल्याला धक्का लागला. बांधकामावर मजुरी करणारा माणूस, मांडीचं हाड मोडलेलं. पुतण्यानंच त्याला दवाखान्यात नेलं, पोलिसांत वर्दी दिली, विम्याचा कागद पुढं केला. आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं : सदर पॉलिसी अस्तित्वात नाही.

दादांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. “अरे, मी चोर आहे का? पैसे नाही दिले असं लिहितात हे मला,” एवढंच ते म्हणत राहिले. आणि दवाखान्याच्या पायरीवर त्या मजुराची बायको तान्ह्या पोराला घेऊन बसली होती. तिला चेक, सही, पॉलिसी यातलं काही कळत नव्हतं. घरात चूल कशी पेटायची, हा तिचा प्रश्न होता.

इथं कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक गाडीवाल्या घरानं समजून घ्यावं असं आहे. १९३८ च्या विमा कायद्याचं ६४ व्हीबी हे कलम सांगतं की, हप्ता हाती पडल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायची नाही. म्हणजे चेक परत गेला की कंपनी हात वर करायला मोकळी, असं वाटेल. पण मोटार वाहन कायद्यानं रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या रक्षणासाठी विमा सक्तीचा केला आहे. त्या तिऱ्हाइतानं तुमचा चेक कधी पाहिलेला नसतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये ठरवलं की, कंपनीनं एकदा पॉलिसी हाती दिली, तर नंतर चेक परत गेला म्हणून तिऱ्हाइताची भरपाई तिला टाळता येणार नाही. २००७ च्या निकालानं दुसरी बाजू सांगितली : अपघातापूर्वीच पॉलिसी रद्द करून तसं कळवलेलं असेल, तर कंपनीवर बोजा नाही. आणि २०१२ मध्ये न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं की, रद्द झाल्याची खबर अपघाताआधी गाडीमालकापर्यंत पोचलेली हवी.

सगळा खेळ असा एका पाकिटावर आला. आम्ही कंपनीकडे पोस्टाची पोच मागितली. ती नव्हतीच. पाकीटच परत आलेलं होतं, आणि त्यावर पोस्टमननं निळ्या शाईनं लिहिलं होतं : ‘पत्ता सोडून गेले’. त्या तीन शब्दांनी एका कुटुंबाची चूल वाचवली. प्रकरण अपघात दावा न्यायाधिकरणातून लोकअदालतीत गेलं, तिथं कंपनीनं तडजोड मान्य केली आणि मजुराला भरपाई मिळाली. त्या अनाम पोस्टमनला मी मनोमन हात जोडले.

दादांच्या पदरात मात्र काही पडलं नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं गणित निराळं असतं. हप्ताच पोचला नाही तर मालकाला स्वतःसाठी भरपाई मागता येत नाही, असं न्यायालयानं २००१ मध्येच म्हटलेलं आहे. शिवाय, पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर ‘नो क्लेम बोनस’ जातो. दादांची वर्षानुवर्षं जपलेली पन्नास टक्क्यांची सवलत त्यात गेली. नव्या पॉलिसीसाठी गाडीची तपासणीही करून घ्यावी लागली. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं, हे तर वेगळंच.

मग आपण करायचं काय? फार नाही. चेक दिला असेल तर आठ-दहा दिवसांनी पासबुक भरून आणावं आणि हप्त्याची रक्कम खरोखर वजा झाली का ते पाहावं. फोनवरून पैसे भरणाऱ्यांनीही हेच करावं. ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण म्हणजे पोच नव्हे. पॉलिसीवरचं नाव, पत्ता, इंजिन आणि चासी नंबर ताडून पाहावेत. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून विम्याची मुदत दिसते का, तेही बघावं. घरातल्या वडीलधाऱ्यांची सही बदलली असेल तर बँकेत नेऊन नवा नमुना द्यावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तरीही रद्दचं पत्र आलंच, तर कारण लेखी मागावं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीला चालू पॉलिसी मधेच रद्द करायची, तर फसवणूक सिद्ध व्हावी लागते आणि किमान सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. हप्ता न पोचण्याचा प्रकार यापासून वेगळा, हे ध्यानात असू द्यावं. कंपनीनं तक्रारीला महिनाभर दाद दिली नाही किंवा समाधान केलं नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

आपण विमा काढतो तो आपल्या गाडीसाठी, असं आपल्याला वाटतं. गाडीचं काय, पत्रा ठोकून सरळ करता येतो. विम्याचा खरा धनी असतो तो अजून आपल्याला न भेटलेला माणूस. सायकलवरून डबा घेऊन कामाला निघालेला. त्याचं नाव पॉलिसीवर कुठंच छापलेलं नसतं. तेवढ्यासाठी तरी आज कप्पा उघडून तो कागद एकदा वाचायला हरकत नाही.