दम कुठं घ्यायचा?

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात, बी. ए. मराठीच्या वर्गात, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचं वाचन चालू होतं. मुलगा ताठ उभा राहून सुरुवात करी, तिसऱ्या ओळीशी त्याचा दम संपे आणि क्रियापद अजून दोन ओळी पलीकडेच असे. मग तो मध्येच थांबून सरांकडे बघे. सर म्हणत, ‘‘थांबलास तिथं पेन्सिलीनं खूण कर. आता शेवटाकडून वाच.’’

भाषा अवघड आहे म्हणताना मुलं शब्दांकडे बोट दाखवतात. पण त्यांच्या पुस्तकांचे समास मी पाहिले. बारीक अक्षरात शब्दार्थ भरलेले होते, तरी भाषण काही हाती लागलेलं नव्हतं. गडकऱ्यांच्या वाक्यात दाखल्यामागून दाखला येतो, त्यात अनुप्रास, त्यात कोटी. आणि हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय ते येतं अगदी शेवटी. सरांची रीत साधी होती. आधी क्रियापद गाठायचं आणि त्याला गोल करायचा. मग कोण कुणाला बोलतंय ते ठरवायचं. मग दम घ्यायच्या जागी उभ्या रेघा मारायच्या. एका भाषणात अख्खा तास गेला. (अभ्यासक्रम अशानं संपत नाही, हे सरांनाही ठाऊक होतं.) ज्या गावात संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली लांबलचक पासोडी जपून ठेवलीय, तिथं लांब वाक्याचं भय वाटू नये; पण वाटतं खरं.

रेघा मारून झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं. वकील सुधाकराची सनद गेल्यानंतरचा प्रसंग एका मुलीनं दोन वाक्यांत उरकला : ‘‘कोर्टात तोंड चाललं म्हनून सनद गेली. लोक हसायलेत, ते ह्याला सहन होईना, आन् तेवढ्यात तळीरामानं पेला पुढं केला.’’ पाचशे गुणांची उत्तरपत्रिका मी यावरून ओवाळून टाकली असती.

मग तिनंच विचारलं, ‘‘पन सर, पिलेला मानूस इतकं सुसंगत कसा काय बोलतो? आमच्या गल्लीत तर दोन शब्द सरळ येत नाहीत.’’ वर्ग हसला. ‘‘तळीरामाची मंडळी बी आसंच बोलतेत का?’’ मागून कुणीतरी.

उत्तर द्यायला सर त्या काळच्या रंगभूमीकडे वळले. 1919च्या फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं पहिला प्रयोग केला, त्याच्या महिनाभर आधी गडकरी वारले होते. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व त्याची बायको सिंधू. ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर वाक्याला चढ हवा, उतार हवा, जोर द्यायला ठिकाण हवं. प्रेक्षक दारुडा कसा दिसतो ते पाहायला नव्हे, भाषण ऐकायला येत. म्हणून हे गद्य डोळ्यांनी वाचलं की अंगावर येतं. त्यामानानं देवलांचं ‘शारदा’ नाटक मुलं घरी बसून एकटी वाचतात. तिथं माणसं घरातल्यासारखी बोलतात.

नाटक मोठ्यानं न वाचता शिकवणं ही मला सर्वांत मोठी अडचण वाटते. बाजारातली गाइडं ‘अलंकारिक, कोटीबाज भाषाशैली’ असा मुद्दा तयार देतात आणि तो पाठ करायला नाटक उघडावं लागत नाही. दिवाळीनंतर तर काही बाक रिकामेच होतात. घरचे कोयता घेऊन टोळीबरोबर साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात, कुणी सोबत जातं, कुणी धाकट्यांना सांभाळायला गावी राहतं. परत आल्यावर त्यांच्या हाती गाइडच उरतं.

मात्र या मुलांचे कान तयार आहेत. एकानं तळीरामाचं भाषण सप्ताहातल्या कीर्तनकाराच्या चालीवर घेतलं : आवाज चढवत नेला, क्रियापदाच्या आधी क्षणभर अडवला आणि मग सोडला. विनोदावर सगळा वर्ग हसला. समजावून न सांगता, पहिल्यांदाच. सरांनी खडू खाली ठेवला आणि त्याला पुढचंही पान वाचायला सांगितलं. तिथं मात्र विठ्ठल सीताराम गुर्जरांचं पद आलं नि गडी अडला, कारण चालीशिवाय पद वाचायचं कसं, हे सरांनीही कधी शिकवलं नव्हतं.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. पिलेल्या माणसाच्या बोलण्याचा तिचा प्रश्न परीक्षेत भाषाशैलीच्या उत्तरात लिहिला तर चालेल का, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, ‘‘लिही. मी तपासला तर गुण देईन. पण पेपर माझ्याकडंच येईल असं नाही.’’