बारा शब्दांचा ताम्रपट

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने राज्याच्या ३७ व्या वर्षी येथून दिलेला ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला. दीड हजारांहून अधिक वर्षे लोटली तरी त्यावरचे गावदान वाचता येते. पण तो कुणी चोरला असता तरी गाव चोराचे झाले नसते. दान कुणाला, हे पटावर कोरलेले होते. क्रिप्टोचलनाच्या वॉलेटचा बॅकअप इथेच वेगळा पडतो. त्यावर नाव नसते. ज्याच्या हाती पडला, तो मालक.

वॉलेट हे नावच फसवे आहे. चलन फोनमध्ये नसते. त्याची नोंद जगभरच्या संगणकांवरील सामायिक खातेवहीत असते. आपल्याकडे असते ती नोंद हलवण्याची गुप्त किल्ली, म्हणजे एक अगडबंब संख्या. ती माणसाला उतरवून घेता यावी म्हणून २०१३ मध्ये ‘बिप-३९’ ही पद्धत आली. २०४८ शब्दांची ठरलेली यादी, त्यातले सहसा बारा किंवा चोवीस शब्द, ठरलेल्या क्रमाने. यादी इंग्रजीत आहे, जपानीत आहे, चेकमध्येही आहे, मराठीत नाही.

म्हणून इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून ठेवायचा मोह होतो. तो टाळावा. यादीत ‘राइट’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत, एक ‘बरोबर’ अशा अर्थाचा, दुसरा ‘लिहिणे’ अशा अर्थाचा. वहीत नुसते ‘राइट’ असेल तर दहा वर्षांनी मुलाने कोणता घ्यायचा? रोमन लिपीत पहिली चार अक्षरेही पुरतात, कारण ती दोन शब्दांत कुठेही सारखी नाहीत. शब्दांना क्रमांक घालावेत. क्रम हरवला, तर बारा शब्दांच्या ४७ कोटी ९० लाखांवर मांडण्या होतात.

आता कुलपाचे. ॲपचा पासवर्ड फोनमधली किल्ली कूटबद्ध करतो. फोन चोरीला गेला तर त्याचा उपयोग. बारा शब्दांना तो लागू नाही. शब्द मिळालेला माणूस दुसऱ्या फोनवर तेच वॉलेट उभे करतो, पासवर्ड कुणी विचारतच नाही. म्हणून शब्दांचा फोटो, व्हॉट्सॲप, ईमेलचा मसुदा आणि झेरॉक्सचे दुकान, चारही वर्ज्य. शब्दांनाच कुलूप हवे तर ‘पासफ्रेज’ जोडता येतो. मात्र तो चुकला तरी यंत्र ‘चुकला’ म्हणत नाही, वेगळेच रिकामे वॉलेट उघडते. पासफ्रेज आहे हेच घरात ठाऊक नसेल, तर घरचे पैसे संपले समजून गप्प बसतील.

किल्ली जाणकाराच्या हाती सोपवावी, तर पुण्याचे प्रकरण आठवते. २०१८ च्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी ज्यांची मदत घेतली, त्याच दोन सायबर तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधले चलन परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. एक्स्चेंजवर ठेवावे, तर किल्ली त्यांची. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीला गेले आणि ग्राहकांचे चलन महिनोन्‌महिने अडकून पडले.

तेव्हा शब्द स्टीलच्या पत्र्यावर ठोकून घ्यावेत, तेही स्वतःच्या हाताने. एक पत्रा घरी, दुसरा अकोल्याच्या बहिणीकडे, पासफ्रेज तिसरीकडे. आणि आधी शंभर-दोनशे रुपयांचे चलन टाकून, ॲप पुसून, पत्र्यावरून वॉलेट परत उभे राहते का ते पाहावे. राहिले, तर उरलेली रक्कम टाकावी.