डोंगरवाटेची सायकल आणि तिची शिस्त

मुलगा सायकल घेऊन टेकडीकडे निघाला की आईच्या पोटात गोळा येतो. पण या छंदात धाडसाइतकीच शिस्तही आहे.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीतले तरुण जाड टायरच्या जुनाट सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर सोडत. १९७६मध्ये फेअरफॅक्सजवळ त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उलटे पॅडल मारून लागणारा ब्रेक इतका तापे की मागच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. १९७७मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सायकल बनवली. १९९६मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

वेगाबरोबर तक्रारीही आल्या. पायी फिरणारे दचकत, घोडे बुजत. अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही सायकल क्लबांनी एकत्र येऊन संघटना उभारली. तिचे नियम साधे आहेत: पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्या, चिखलात सायकल घालून पायवाट उखडू नका. आज कित्येक सायकलस्वार सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडे घेऊन याच वाटा दुरुस्त करतात.

वाट सगळ्यांची असते. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट चढवताना त्याला एवढे जरूर सांगावे.