उकिरडा, राब आणि वेष्टन : कोसबाड परिसरातील घरगुती कचऱ्याचा एक विचार

सारांश

ग्रामीण घरातील कचऱ्याचा प्रश्न सामान्यतः स्वच्छतेचा प्रश्न म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखात डहाणू तालुक्यातील कोसबाड परिसराच्या संदर्भात तो शेतीचा प्रश्न म्हणून तपासला आहे. घरातील केर अखेरीस शेतात जातो अशा व्यवस्थेत वेष्टने वेगळी काढणे ही जमिनीच्या आरोग्याची पूर्वअट ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : घरगुती कचरा, वेष्टन, पुनर्चक्रीकरण, उकिरडा, राब, वर्गीकरण

१. प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील कोसबाड हे टेकडीवरील गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते मुख्यतः ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणकार्यामुळे. त्याच्या एका अंगास बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या व समुद्रकिनारा आहे, तर दुसऱ्या अंगास तलासरीकडे पसरलेले वारली व अन्य आदिवासी समाजांचे पाडे आहेत. जून १९९१ मध्ये केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. त्या अधिसूचनेचा रोख प्रामुख्याने उद्योगांच्या नियमनावर होता. तथापि कारखाना नसलेल्या गावातही एक औद्योगिक पदार्थ रोज प्रवेश करतो. तो म्हणजे दुकानातून येणाऱ्या वस्तूचे वेष्टन होय.

२. पारंपरिक व्यवस्थेचे गृहीतक

या परिसरातील पारंपरिक घरात कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा लेप, बांबूच्या टोपल्या, पानांच्या पत्रावळी व मातीची भांडी असत. यांपैकी प्रत्येक वस्तू निरुपयोगी झाल्यावर मातीत मिसळून जाई. त्यामुळे 'कचरा' अशी स्वतंत्र कोटी जवळजवळ नव्हतीच. शेण, राख, खरकटे व केर उकिरड्यात जात आणि पावसाळ्यापूर्वी त्याचे खत शेतात पडे.

दुसरी व्यवस्था राबाची. भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते उन्हाळ्यात भाजले जातात. त्यामुळे तणांचे बी नष्ट होते व राखेतून रोपांना अन्नद्रव्ये मिळतात.

उकिरडा आणि राब या दोन्ही व्यवस्था एकाच गृहीतकावर उभ्या आहेत : घरातून बाहेर पडणारी वस्तू एक तर कुजेल, नाही तर जळून निरुपद्रवी राख होईल. वेफर्सचे पाकीट किंवा शाम्पूची पुडी यांपैकी काहीच करीत नाही. उकिरड्यात ती तशीच राहते, खताबरोबर वाडीत जाते, नांगरटीत फाटते व तिचे तुकडे मातीच्या थरांत साचून पाणी मुरण्यास व मुळांच्या वाढीस अडथळा करतात. शेतातून ते तुकडे पुन्हा वेचून काढणे व्यवहारतः अशक्य असते.

३. 'पुनर्चक्रीकरणयोग्य' या संज्ञेचे दोन अर्थ

प्रयोगशाळेच्या दृष्टीने तापवून पुन्हा घडविता येणारे बहुतेक प्लास्टिक पुनर्चक्रीकरणयोग्य असते. गावाच्या दृष्टीने मात्र जी वस्तू भंगारवाला विकत घेतो तीच पुनर्चक्रीकरणयोग्य ठरते. भंगारवाल्याचा निर्णय तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वस्तू एकाच पदार्थाची आहे काय, ती पुरेशी स्वच्छ व कोरडी आहे काय, आणि तिचे वजन वाहतुकीचा खर्च भरून काढते काय.

या कसोटीवर पुठ्ठा व रद्दी उतरतात. डहाणूपासून सुमारे ५० कि.मी. अंतरावरील वापी येथे रद्दीपासून क्राफ्ट कागद तयार करणाऱ्या गिरण्या आहेत. पाण्याच्या पीईटी बाटल्यांपासून पॉलिएस्टर धागा बनतो. दुधाची पिशवी पॉलिएथिलीन या एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असल्याने धुऊन वाळविल्यास तिला मोल येते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळविल्यास खनिजापासून नवे तयार करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून त्यास नेहमीच गिऱ्हाईक असते. काच कितीही वेळा वितळविता येते; परंतु ती जड, ठिसूळ व स्वस्त असल्याने दूरच्या पाड्यातून तिची उचल होणे कठीण जाते.

याउलट वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे एकाहून अधिक थर व त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म मुलामा असतो. हे थर वेगळे करणे परवडत नाही, आणि एका पुडीचे वजन नगण्य असते. अशी पाकिटे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येतात. त्यासाठी ती मोठ्या प्रमाणावर एकत्र जमवावी लागतात. हे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नाही.

४. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

(अ) त्रिकोणातील अंकाचा अर्थ काय? १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केलेली ही खूण केवळ पदार्थाचा प्रकार सांगते. १ म्हणजे पीईटी, २ व ४ म्हणजे अनुक्रमे उच्च व अल्प घनतेचे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तर ७ म्हणजे 'इतर'. वस्तूचे पुनर्चक्रीकरण होईलच, अशी हमी ती देत नाही.

(आ) कागदी पेला कागदात टाकावा काय? नाही. त्याच्या आतील बाजूस प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो रद्दीचा दर्जा घसरवितो आणि उकिरड्यातही पूर्णपणे कुजत नाही.

(इ) 'कंपोस्टेबल' पिशवी उकिरड्यात चालेल काय? तिच्यासाठीचे भारतीय मानक आय.एस. १७०८८ हे नियंत्रित, उच्च तापमानाच्या औद्योगिक कंपोस्टिंगच्या संदर्भातील आहे. घरगुती उकिरड्यात ते तापमान सातत्याने टिकत नाही.

(ई) वेष्टने जाळून टाकली तर? उघड्यावरील आगीत प्लास्टिकचे ज्वलन अपुरे होते व विषारी धूर निघतो. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असल्यास हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिने निर्माण होऊ शकतात. राबात किंवा चुलीत ही वेष्टने गेल्यास पहिला धूर त्याच कुटुंबाच्या फुप्फुसांत व अवशेष त्याच्याच रोपवाटिकेत जातात.

५. नियमांची व्याप्ती

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ही जबाबदारी नगरांपुरती न ठेवता ग्रामपंचायतींपर्यंत विस्तारली. गुटखा, तंबाखू व पानमसाला यांच्यासाठी प्लास्टिकच्या पुड्या वापरण्यास त्याच नियमांनी मनाई केली. महाराष्ट्र शासनाची प्लास्टिकविषयक अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. तीत पेले, ताटल्या, चमचे व नळ्या यांचा समावेश होता, वेफर्सच्या पाकिटांचा किंवा शाम्पूच्या पुड्यांचा नव्हता. त्यांच्याबाबत फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादक, आयातदार व नाममुद्राधारक यांच्यावर विस्तारित जबाबदारी टाकली. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुकास्तरीय प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद झाली. म्हणजेच ज्या वस्तूला बाजार नाही तिच्यासाठी नियम व निधी यांचा मार्ग आखण्यात आला. परंतु घरातच पुडी शेणात मिसळली तर त्या मार्गावर येण्यासारखे काही उरत नाही.

६. वर्गीकरण : कोसबाडचा वारसा

१९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर आले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी तेथे खडे, बिया, पाने, शंख-शिंपले व काड्या यांचा शैक्षणिक साधने म्हणून उपयोग करण्यात आला. रंग, आकार व वजन यांनुसार वस्तू वेगळ्या करणे हा बालवाडीतील मूलभूत पाठ होय. चिकूच्या वाडीतही फळांची प्रतवारी केल्याशिवाय माल बाजारात जात नाही. तेव्हा वर्गीकरण ही या परिसरास बाहेरून शिकवावयाची गोष्ट नव्हे. ती केवळ केराच्या टोपलीपर्यंत न्यावयाची आहे.

त्यासाठी घरात तीन भाग पुरेसे ठरतात : कुजणारे ते उकिरड्यात, विकले जाणारे ते धुऊन, वाळवून पोत्यात, आणि न विकली जाणारी वेष्टने तिसऱ्या पिशवीत, ग्रामपंचायतीच्या संकलनासाठी. पहिल्या भागाचे खत अधिक चांगले व्हावे यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली, छिद्रयुक्त भिंतींच्या टाक्याची 'नाडेप' पद्धत उपलब्ध आहे. तीत साधारणतः ९० ते १२० दिवसांत खत तयार होते.

७. निष्कर्ष

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पर्यावरण हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य झाला. त्यातील घनकचऱ्याचे प्रकरण बहुधा महानगरांच्या उदाहरणांनी शिकविले जाते. ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना उकिरडा व राब यांपासून सुरुवात करून दिल्यास, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत केवळ सफाईऐवजी कचऱ्याच्या तीन भागांची मोजदाद करून ती ग्रामपंचायतीपुढे ठेवल्यास हा विषय त्यांच्या घरापर्यंत पोहोचेल. शहरात न वेगळा केलेला कचरा क्षेपणभूमीवर जातो. कोसबाड परिसरात तो भाताच्या रोपांखाली जातो. म्हणूनच वेष्टन वेगळे काढणे हे येथे शेतीचेच काम आहे.