आपण न पाडलेलं भगदाड

अमेरिकेतल्या एखाद्या फ्रीजमधून 1960 च्या सुमारास गळलेला वायू दक्षिण ध्रुवावरच्या आकाशात जाऊन पोचतो, हे वाचलं की आजही थक्क व्हायला होतं. या वायूचा, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बनचा, रेणू मोठा चिवट. तो पावसात धुऊन जात नाही, सहजी मोडत नाही. वाऱ्यांबरोबर भटकत काही वर्षांनी, उन्हातले अतिनील किरण अडवणाऱ्या ओझोनच्या थरात चढतो. तिथे हेच किरण त्याला फोडतात, क्लोरीनचा अणू सुटा होतो आणि तो एकटा ओझोनचे हजारो रेणू मोडत जातो! त्यासाठी अंटार्क्टिकावरचे हिवाळ्यातले अतिथंड ढग फार सोयीचे. म्हणून वायू सोडला मुख्यतः उत्तर गोलार्धाने, आणि भगदाड पडलं दक्षिणेला. उन्हाची धास्ती घेतली चिलीच्या टोकावरच्या पुंता अरेनासने.

मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्येच धोक्याची सूचना दिली होती. 1985 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी भगदाड दाखवून दिलं आणि 1987 मध्ये असे वायू आटोक्यात आणणारा माँट्रियलचा करार झाला.

मला खरी विलक्षण वाटते ती त्यानंतरची गोष्ट. भारतात तेव्हा फ्रीज ही मोजक्या घरांतली चीज होती. मग हे आम्ही का निस्तरायचं? प्रश्न अगदी रास्त होता, आणि भारत-चीन सुरुवातीला करारापासून दूरच राहिले. पण त्यांचं म्हणणं नुसत्या नकारावर थांबलं नाही. आम्ही हे वायू सोडून देऊ, मात्र नव्या तंत्रज्ञानाचा खर्च ज्यांनी आकाश बिघडवलं त्यांनी उचलावा, अशी मागणी झाली. 1990 मध्ये लंडनला त्यासाठी निधी ठरला, 1992 मध्ये भारत करारात आला. खर्च ज्यांचा दोष त्यांनी उचलला, काम मात्र सगळ्यांनी अंगावर घेतलं. परक्याची चूक निस्तरण्याचा याहून न्याय्य मार्ग मला तरी माहीत नाही.

आज जगातला प्रत्येक देश या करारात आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोन 2066 च्या आसपास 1980 च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. भगदाड भरलेलं पाहायला करार करणाऱ्यांतले बहुतेक जण नसतील.

काम अजून संपलेलं नाही. पर्याय म्हणून आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. ते कमी करण्याचं 2016 मध्ये किगालीच्या बैठकीत ठरलं. तेव्हा घरचा जुना एसी भंगारात देण्याआधी त्यातला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला मेकॅनिकला आवर्जून सांगा.