दम्याचा झटका आणि त्याचा कागद



मागील सत्रात प्रार्थनेच्या वेळी आपल्या एका विद्यार्थ्याला एकाएकी धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. रिक्षाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी लगेच औषधाची वाफ दिली आणि विचारले, “असे पूर्वी किती वेळा झाले? कधी भरती करावे लागले का?” आम्ही गप्प. दप्तरात जुना पर्चा निघाला (मी हिंदी माध्यमात शिकलेली, तोंडी पर्चाच येतो), त्यावर फक्त ‘श्वासाचा त्रास’ लिहिलेले.

या दोन शब्दांनी काय होते ते सांगते. मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील एक संकेतांक देतात. त्याच्या दहाव्या आवृत्तीत दम्याला जे ४५, तर अति तीव्र, सहज न आटोपणाऱ्या झटक्याला जे ४६ आहे. नुसती धाप लागण्याला मात्र आर ०६.० हा अंक आहे, आणि तो आजार नसून लक्षण आहे. अंक देणाऱ्या कर्मचाऱ्याने मूल पाहिलेले नसते. डॉक्टरांनी लिहिले तेवढेच त्याच्यापुढे असते. म्हणजे ‘श्वासाचा त्रास’ लिहिले की कागदावर त्या मुलाला दमा नाहीच! पुढचा डॉक्टर तेच वाचतो, विमा कंपनीही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या त्यांच्या स्वतंत्र आवृत्तीत तर दमा सौम्य, मध्यम की तीव्र आणि त्यावर झटका आला की नाही, हेही अंकातच येते. जे ४५.४१ म्हणजे मध्यम, कायम राहणारा दमा, झटक्यासह.

परंतु दोष नेहमी डॉक्टरांचा नसतो. “दमा लिहू नका, पुढे मुलीच्या लग्नात अडचण येईल,” असे विनवणारे पालक मला माहीत आहेत. त्यांची काळजी मला कळते, पण मला ती पटत नाही.

तेव्हा सुट्टी मिळताना कागद वाचून घ्या. ‘दमा’ आणि ‘झटका’ हे दोन्ही शब्द, त्याची तीव्रता, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, दिलेली औषधे आणि धूळ, धूर, सर्दी यांपैकी कारण काय, हे त्यात असावे. नसल्यास नम्रपणे लिहून मागा.

त्याची झेरॉक्स बंद पाकिटात कार्यालयात द्यावी. ती वर्गशिक्षकांखेरीज कोणास दाखवली जाणार नाही. इनहेलर दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावा.